मिक्राओत गेदोलोत, तेहिलीमचा खंड: सात महिने वापरून

मिक्राओत गेदोलोत म्हणजे मूळ हिब्रू बायबल आणि भोवती यहुदी भाष्यं एकाच पानावर छापलेला ग्रंथ; तेहिलीम म्हणजे आपल्या मराठी बायबलातली स्तोत्रसंहिता. हा खंड जुना, कुणीतरी वापरलेला घेतला. पानाच्या मधोमध ठळक हिब्रू, शेजारी अरामी भाषांतर (तर्गुम), भोवती राशी, इब्न एज्रा या मध्ययुगीन यहुदी भाष्यकारांची भाष्यं, तीही बारीक राशी लिपीत. गंमत म्हणजे राशीने स्वतः या लिपीत कधी लिहिलं नाही, ती छापखानेवाल्यांनी त्याच्या नावावर चढवली. देवनागरी येणारा माणूस मोडीपुढे जसा अडतो तसा मी दोन महिने अडलो.

घेतला तो दुसऱ्या स्तोत्रासाठी. ‘तू माझा पुत्र आहेस’ हे त्यातलं वचन नव्या करारात येशूला लावलेलं आहे. राशी (१०४०–११०५) सुरुवातीलाच म्हणतो की आमच्या गुरूंनी हे मशीहाबद्दल लावलं, पण सरळ अर्थ पाहता ते दाविदाबद्दलच घेणं योग्य. माझ्या प्रतीत एवढंच आहे. सरळ अर्थाची आवड, असं समजून मी पुढे गेलो.

चार महिन्यांनी हस्तलिखितांवरून केलेली एक आवृत्ती शेजारी ठेवून वाचली, तर तिथे दोन हिब्रू शब्द जास्त: ‘मीनीमना उत्तर म्हणूनही’. मीनीम म्हणजे पाखंडी, आणि इथे रोख ख्रिस्ती लोकांवर. म्हणजे गुरूंचा अर्थ बाजूला सारायला शेजारचा वाचकही कारण होता! हे शब्द ख्रिस्ती सेन्सॉरच्या धाकाने छापील प्रतींतून गेले. दाविद किम्ही या दुसऱ्या यहुदी भाष्यकाराने स्तोत्रांच्या भाष्यांत ख्रिस्ती अर्थाला दिलेली उत्तरंही अशीच वगळली गेली.

उलट दिशेची ये-जाही तेवढीच. फ्रान्सिस्कन संन्यासी निकोलस द लिरा चौदाव्या शतकात पानोपानी ‘रब्बी सालोमन’ म्हणून राशीलाच उद्धृत करतो, आणि त्याचं भाष्य प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने वाचलेलं. बायबलाची ही अशी भरगच्च मांडणी पहिल्यांदा १५१६–१७ मध्ये व्हेनिसला डॅनियल बोमबर्ग या ख्रिस्ती माणसाने छापली. संपादक फेलिक्स प्रातेन्सिस, जन्माने यहुदी, पुढे ख्रिस्ती संन्यासी, आणि अर्पणपत्रिका थेट पोपला. यहुदी घरात असा ग्रंथ कोण ठेवणार? पुढची आवृत्ती (१५२४–२५) याकोब बेन हय्यीमने केली, तीच रूढ झाली.

तक्रारी: फोटो-पुनर्मुद्रण असल्याने ‘बेथ’ आणि ‘काफ’ ही हिब्रू अक्षरं सारखीच दिसतात. बांधणी तिसऱ्या महिन्यात सुटली, खळ लावून घेतली. मराठी बायबल शेजारी ठेवत असाल तर ओव्या जुळणार नाहीत, कारण हिब्रूत स्तोत्राचं शीर्षकही बऱ्याचदा पहिली ओवी धरतात. बाविसाव्यात आपली १६ वी तिथे १७ वी. मी दहा दिवस चुकीच्या ओवीवरचं भाष्य वाचत होतो.

हिब्रू थोडं येत असेल तरच घ्या. माझ्या प्रतीत ते दोन शब्द आता पेन्सिलीने समासात लिहिलेले आहेत.