लोअर केलेली पोलो आणि घासणारे टायर: नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर मी माझी फोक्सवॅगन पोलो लोअर केली, म्हणजे मुद्दाम खाली बसवली. ३५ मिलिमीटरने खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, १६ इंची अलॉय रिम आणि २०५/५० आर १६ टायर (रुंदी २०५ मिलिमीटर, उंची त्याच्या ५० टक्के, रिम १६ इंच). गाडी देखणी दिसते, आजही पार्क करून निघताना मी एकदा मागे वळून बघतोच. पण पहिल्याच आठवड्यात टायर घासायला लागले. ते नेमके कुठे घासतात हे शोधण्यात तीन महिने गेले, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दुकानदार म्हणाला, "स्प्रिंगा सेट झाल्या की थांबेल." हे उलटं आहे. स्प्रिंग सेट होते म्हणजे अजून थोडी खाली बसते. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंतचं अंतर मी टेपने मोजून ठेवलं होतं, दोन महिन्यांत ते आणखी ४ मिलिमीटर कमी झालं. दुसऱ्या एकाने स्पेसर, म्हणजे रिमच्या मागे बसणारी चकती, टाकायला सांगितलं. स्पेसर चाक बाहेर ढकलतो. टायर आत स्ट्रटला (सस्पेन्शनच्या दांड्याला) लागत असेल तर तो इलाज, बाहेर फेंडरला लागत असेल तर दुखणं वाढणार.

शेवटी कागद-पेन घेऊन बसलो. कंपनीच्या रिमवर मागच्या बाजूला ६ जे, ईटी ४० असं कोरलेलं होतं. जे म्हणजे रिमची रुंदी इंचात, ईटी म्हणजे चाक किती आत बसतं तो आकडा, कमी तितकं चाक बाहेर. नवीन रिम ७ जे, ईटी ३५. म्हणजे रिमची बाहेरची कड जवळपास १८ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली ८ मिलिमीटर आत गेली. मूळ १८५/६० आर १५ टायरचा व्यास ६०३ मिलिमीटर, नव्याचा ६११. चाक रुंद, बाहेर आलेलं, थोडं मोठं, आणि त्यावर गाडी खाली. हा हिशोब खरेदीआधी करायला हवा होता.

आता आवाज. मला वाटत होतं एकच आवाज आहे, पण ते दोन होते. बेसमेंटच्या रॅम्पवर पूर्ण स्टिअरिंग कापून रिव्हर्स घेताना येणारा खरखर आवाज प्लास्टिकचा, म्हणजे चाकाच्या वरच्या कमानीत (आर्चमध्ये) आतून बसवलेल्या पुढच्या लायनरचा. दुसरा मागून, चार माणसं बसली असताना, पुलाच्या जोडावर गाडी दबली की एकदाच "घर्र", आणि पाठोपाठ जळक्या रबराचा वास. तो पत्र्याचा असावा, असं वाटलं. खंबाटकी घाट उतरल्यावर थांबून मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर मागच्या डाव्या टायरच्या खांद्यावर सगळीकडून एक बारीक खोल चर पडलेली. पत्र्याची कड लागली तर पट्टा रुंद आणि गुळगुळीत पडतो. इतकी बारीक चर म्हणजे काहीतरी टोकदार. हात आत घातल्यावर सापडलं: आर्चच्या कडेत लायनर धरणारा टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचा) स्क्रू.

पुढच्या लायनरवर शाळेचा पांढरा खडू फासला, दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग कापून गाडी फिरवली. जिथे खडू पुसला गेला तिथेच टायर लागतोय, अंदाज करायची गरज नाही. मागे कडेच्या आतून मास्किंग टेप लावली आणि घरच्यांना बसवून सिंहगड रोडचे स्पीडब्रेकर घेतले. डावीकडची टेप वीतभर फाटली, उजवीकडची शाबूत.

एकाच बाजूला का? गवंड्याचा ओळंबा आणला, फेंडरच्या कडेवरून चाकाच्या मध्यासमोर सोडला आणि दोरीपासून रिमपर्यंत मोजलं. उजवीकडे ११ मिलिमीटर, डावीकडे ६. मागचा अॅक्सल अडीच मिलिमीटर डावीकडे बसलेला. बीम अॅक्सलच्या, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर असलेल्या गाड्यांत इतका फरक असू शकतो, पण जागा इतकी कमी असली की तेवढाच नडतो.

उपाय असे झाले. पुढचं लायनर हीट गनने मऊ करून मागे दाबलं. मागचे ते स्क्रू काढले, लायनर दुसरीकडून पकडलं, आणि हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) बसणाऱ्या रोलरने पत्र्याची कड आत वळवून घेतली. रोलिंगच्या वेळी स्वतः शेजारी उभे राहा. रंग हीट गनने तापवल्याशिवाय रोलर फिरवला तर तो तडकतो आणि पहिल्या पावसात तिथे गंज धरतो. मी वळवलेल्या कडेवर आतून प्रायमर मारून घेतला. हा पावसाळा संपत आला, अजून गंजाचा ठिपका नाही.

सगळ्यात मोठा फरक मात्र टायरने पडला. २०५/५० विकून १९५/५० आर १६ घेतले. व्यास ६०१, मूळच्या जवळ, आणि लोड इंडेक्सही (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळचाच, ८४. हा साइज मिळवायला फिरावं लागतं, पण फिरा.

चाकं उतरवली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला घासण्यापेक्षा गंभीर वाटते. पोलोचे मूळ बोल्ट गोल बैठकीचे असतात (बैठक म्हणजे बोल्ट रिमला टेकतो तो भाग), माझ्या अलॉयला शंकूच्या बैठकीचे लागतात. दुकानाने मूळचेच कसले होते. शिवाय रिमचं मधलं भोक ७३.१ मिलिमीटर आणि हब ५७.१, तरी मधली फट भरणारी हब रिंग दिलीच नव्हती. माझं स्टिअरिंग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे थरथरायचं ते यामुळेच. योग्य बोल्ट आणि रिंगा टाकून १२० न्यूटन मीटरच्या टॉर्कला (जोराने) कसलं, थरथर गेली. तुमच्याकडे बाहेरचे अलॉय असतील तर आजच एक बोल्ट काढून बघा.

सध्या चार माणसं आणि सामान घेऊन गाडी कुठेही लागत नाही. पाच माणसं आणि भरलेली डिकी असली की मोठ्या खड्ड्यात डावीकडे एखादा स्पर्श होतो. गणपतीला गावी जायच्या आधी मागचे बंप स्टॉप (सस्पेन्शन फार दबू न देणारे रबर) बदलून पुन्हा टेप लावून बघणार आहे.