बेटावरचं गाणं ऐकायला कुठे जावं: झांझिबार, केप ब्रेटन की शेटलंड?

वर्षातून एकदाच सलग रजा मिळते, पैसे जपून खर्चायचे आहेत आणि जायचंय ते खास गाणं ऐकायला, असा बेत असणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. टांझानियाचं झांझिबार, कॅनडातलं केप ब्रेटन आणि स्कॉटलंडच्या उत्तरेचं शेटलंड ही तीन बेटं माझ्या मनात एकमेकांशेजारी बसतात. तिन्हीकडे नावाजलेले महोत्सव भरतात, आणि महोत्सव नसतो तेव्हाही गाणं-वाजवणं चालूच असतं.

निवड करताना बहुतेक जण आधी कलाकारांची यादी उघडतात. माझ्या मते ती सगळ्यात शेवटी बघावी. आधी विचारावं की तिथल्या मैफलीत ऐकणाऱ्याला काम काय असतं? बेटावर माणसं मोजकी, त्यामुळे गाणारा आणि ऐकणारा एकमेकांना ओळखतात आणि नुसतं खुर्चीत बसून राहणारा माणूस तिथे जरा उपराच वाटतो. झांझिबारमध्ये ऐकणारा उठून गायिकेपर्यंत जातो, केप ब्रेटनमध्ये तो नाचतो, शेटलंडमध्ये तो स्वतःचं वाद्य पेटीतून बाहेर काढतो. यातलं तुम्हाला काय जमेल आणि काय आवडेल, यावर बरंचसं ठरतं.

झांझिबारपासून सुरुवात करते, कारण मराठी कानाला ते सगळ्यात जवळचं. तिथल्या गाण्याला ताराब म्हणतात. शब्द मुळात अरबी. गाण्याने हेलावून जाणं असा त्याचा अर्थ. एकोणिसाव्या शतकात सुलतान बर्घाशच्या दरबारात इजिप्तकडचं संगीत आलं असं सांगतात, आणि मग त्यात आफ्रिकेचे ताल, अरबी सूर आणि हिंदी महासागरावरून येणारं जे जे होतं ते मिसळत गेलं. व्हायोलिनांची रांग, कानून आणि ऊद ही अरबी तंतुवाद्यं, अ‍ॅकॉर्डियन, चामड्याची तालवाद्यं, पुढे मुख्य गायिका आणि मागे ओळ उचलून धरणारा कोरस. किनाऱ्यावर थोडं उत्तरेला, केनियातल्या मोंबासाकडच्या ताराबमध्ये तर पेटी-तबला आणि थेट हिंदी सिनेमाच्या चाली भेटतात. जुमा भालो हे त्या वळणाचे मोठे गायक.

आणि एक गोष्ट मुंबईकरांनी तरी जाण्यापूर्वी माहीत करून घ्यावी. सिती बिन्ती साद ही झांझिबारमधल्याच फुम्बा गावातली, गुलामांच्या घरात जन्मलेली बाई. मडकी विकायला शहरात यायची, ओरडून विकता विकता गायची, तिथून तिचा आवाज लोकांच्या कानी पडला. १९२८ साली ती ध्वनिमुद्रणासाठी जहाजाने मुंबईला आली. दरबारी अरबीतलं गाणं तिने स्वाहिलीत, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाच्या भाषेत आणलं, आणि मुंबईत भरलेल्या त्या तबकड्यांनी ते पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सगळीकडे नेलं. स्टोन टाउनच्या, म्हणजे झांझिबारच्या जुन्या शहराच्या, गल्लीत एखाद्या घरातून ताराब ऐकू आलं की मला हे आठवतं आणि पाय थांबतात.

आता मुद्द्याचं. झांझिबारचा मोठा महोत्सव म्हणजे सौती झा बुसारा. २००४ पासून फेब्रुवारीत, स्टोन टाउनच्या जुन्या किल्ल्यात भरतो. गाणं-वाजवणं सगळं प्रत्यक्ष, रेकॉर्डवर ओठ हलवणं चालत नाही. उघड्यावर, दगडी भिंतींच्या मधोमध, रात्री उशिरापर्यंत आफ्रिकेच्या कुठल्या कुठल्या देशांतले बँड ऐकायला मिळतात. मजा येते यात शंका नाही. पण तुम्ही ताराबसाठी जाणार असाल तर नीट ऐका: या महोत्सवात ताराब हा अनेक प्रकारांतला एक असतो. मी पहिल्यांदा महोत्सव गाठून गेले, रात्री भरपूर नाचले आणि परत येताना लक्षात आलं की ज्यासाठी आले होते ते जेमतेम तासभर ऐकलं.

दुसऱ्या वेळी महोत्सव सोडून गेले आणि लग्नघरच्या ताराबला बसायला मिळालं. तिथे मी जे पाहिलं ते किल्ल्यात दिसलं नव्हतं. गाणं रंगात आलं की एखादी बाई उठते. हातातली नोट उंच धरून, कोरसच्या ठेक्यावर संथ झुलत, सगळ्यांना दिसेल अशी चालत गायिकेपाशी जाते आणि नोट तिच्या हातात देते. आपल्याला दौलतजादा आठवतो, पण इथली गंमत वेगळी आहे. ती नेमक्या कुठल्या ओळीला उठली, यात सगळा अर्थ. ओळ मत्सराची असेल, फसवणुकीची असेल, तर ती ओळ समोर बसलेल्या कुणाला तरी लागू आहे असं ती उठून जाहीर करते. एक शब्द न बोलता. माझ्या शेजारच्या मावशींनी एका ओळीला माझा दंड घट्ट दाबला आणि डोळ्यांनी कोपऱ्यातल्या एका बाईकडे खूण केली. मला ओळ कळली नव्हती, प्रसंग मात्र पुरेपूर कळला.

असं बोलावणं मिळणं नशिबावर असतं. पण इखवानी सफा, १९०५ पासूनचा क्लब, आणि १९५८ चा कल्चर म्युझिकल क्लब या जुन्या संस्थांच्या तालमी आणि कार्यक्रमांची चौकशी आधी करता येते. धो कंट्रीज म्युझिक अ‍ॅकॅडमीतही ताराब शिकवतात आणि तिथल्या वादकांच्या मैफली पाहुण्यांसाठी होतात. ताराबचं धाकटं, वेगवान, मोकळंढाकळं भावंड म्हणजे किडुंबक. त्यात खोक्याला काठी आणि तार लावून केलेलं सांडुकू नावाचं मंद्र वाद्य असतं. संधी मिळाली तर ते सोडू नका.

तारखांचं मात्र बघून घ्या. रमजानमध्ये बेटावर गाणं जवळजवळ थांबतं. रमजान दरवर्षी १०-११ दिवसांनी अलीकडे येतो आणि सध्या तो महोत्सवाच्या दिवसांना येऊन भिडला आहे. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल. त्यामुळे "फेब्रुवारीत असतो" एवढ्या भरवशावर विमानाचं तिकीट काढू नका. दार-एस-सलामहून फेरीने साधारण दोन तासांत पोहोचता. ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना झांझिबारचाच प्रवासविमा घ्यावा लागतो, तो सुरू झाला तेव्हा ४४ डॉलर होता. वरखर्चाला टांझानियन शिलिंग लागतात.

केप ब्रेटनचं गणित अगदी वेगळं. नोव्हा स्कोशिया प्रांतातलं हे मोठं बेट, १९५५ पासून भरावाच्या रस्त्याने मुख्य भूमीला जोडलेलं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आलेल्या माणसांनी गेलिक भाषा आणि फिडल इथे आणलं आणि स्कॉटलंडमध्ये वाजवण्याची पद्धत बदलत गेली तरी इथे जुनं वळण टिकलं. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, फक्त ते इथे नाचणाऱ्याच्या पायांसाठी वाजतं. सोबत पियानो, आणि वादकाचा पाय सतत जमिनीवर ठेका देत असतो. बेटावर आधीपासून राहणाऱ्या मिकमाक लोकांनीही फिडल आपलंसं केलं. एस्कासोनी या त्यांच्या वस्तीतले ली क्रेमो हे त्यातलं मोठं नाव.

१९७१ मध्ये कॅनडाच्या सरकारी वाहिनीने एक माहितीपट दाखवला, त्याचा सूर असा की इथला फिडलवादक आता नामशेष होणार. बेटावरच्या लोकांना ते मनाला लागलं. १९७३ मध्ये ग्लेनडेल या छोट्या गावात शंभराहून अधिक फिडलवादक एकत्र वाजवायला जमले. आज बेटावर जे ऐकायला मिळतं त्याच्या मुळाशी तो संताप आहे, आणि मला तो फार आवडतो. वादकही व्यासपीठापुरते नसत. इथले सगळ्यात लाडके फिडलवादक बडी मॅकमास्टर (१९२४–२०१४) यांनी आयुष्यभर रेल्वे स्टेशनात नोकरी केली आणि रात्री गावोगावच्या हॉलमध्ये नाचासाठी वाजवलं.

इथला महोत्सव सेल्टिक कलर्स, १९९७ पासून. ऑक्टोबरात नऊ दिवस, मेपलची पानं लाल-केशरी झालेली असतात तेव्हा. त्याची रचना मला तिन्हींत सर्वांत आवडली: एक मैदान नाही, एक मंच नाही. मैफली बेटभर पसरलेल्या, कुठे चर्चमध्ये, कुठे शाळेत, कुठे अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. मध्यंतरात चहा-केक गावातल्याच बायका देतात. आणि त्या संपल्या की सेंट अ‍ॅन्सच्या गेलिक कॉलेजात फेस्टिव्हल क्लब सुरू होतो. आज कोण वाजवणार हे तिथे जाईपर्यंत कळत नाही. झांझिबारमध्ये महोत्सव आणि गावचं गाणं या दोन गोष्टी आहेत. केप ब्रेटनमध्ये महोत्सवच गावात शिरलेला आहे.

तरीही माझं मत उन्हाळ्यातल्या साध्या आठवड्याकडे झुकतं. बेटावरच्या माबू गावाच्या परिसरात प्रत्येक हॉलचा नाचाचा वार ठरलेला: ग्लेन्को मिल्सला गुरुवार, वेस्ट माबूला शनिवार. निघण्यापूर्वी एकदा विचारून घ्या, इतकंच. वेस्ट माबूचा हॉल म्हणजे लाकडी जमीन, भिंतीला लागून बाकं, एका टोकाला छोटा मंच. दारू नाही, पोरंटोरं आजीआजोबांसकट हजर. मी भिंतीला चिकटून उभी होते, बघते फक्त, म्हणून. पंचाहत्तरीच्या एका बाईंनी सरळ माझा हात धरला आणि गोलात नेलं. काय करायचं ते कुणी ओरडून सांगत नव्हतं. समोरचा माणूस हात पुढे करतो, तो धरायचा, पुढच्याकडे जायचं. तिसऱ्या फेरीला चाल बदलून ठेका चढला तेव्हा जमीन खरोखर हलत होती, तळव्यांना जाणवत होती. मग नाचणारे बाजूला झाले, फिडलची लय धिमी झाली आणि एक दहा-बारा वर्षांचा मुलगा एकटाच पुढे आला. हात सैल सोडलेले, अंग स्थिर, सगळं काम घोट्याखाली. फिडलवादक त्याच्या पायांकडे बघून वाजवत होता. कथकच्या जुगलबंदीत तबलजी बघतो तसं.

अडचण एकच, पण मोठी: गाडी चालवता येत नसेल तर केप ब्रेटनचा विचार सोडा. गावं लांब लांब आहेत, रात्री परतायला बस नाही, आणि अंधारात रस्त्यावर मूस नावाची प्रचंड हरणं येतात. खर्चही या तिघांत बहुधा इथेच जास्त होतो, कारण विमान लांबचं आणि वर गाडीचं भाडं.

शेटलंडबद्दल थोडक्यात सांगते. ते सगळ्यांसाठी नाही, पण ज्यांच्यासाठी आहे त्यांनी दुसरीकडे बघूच नये. हा खरं तर बेटांचा पुंजका, लोकवस्ती जेमतेम २३ हजार, आणि त्या मानाने फिडलवादकांची संख्या थक्क करणारी. टॉम अँडरसन (१९१०–१९९१) यांनी म्हाताऱ्या वादकांकडून चाली गोळा केल्या आणि १९७० च्या दशकात शाळांमधून फिडल शिकवायला सुरुवात केली. आजच्या पिढ्या तिथून निघाल्या. काही चाली टेकडीखाली राहणाऱ्या ट्राउ नावाच्या छोट्या भुतांकडून शिकल्या असं तिथे सांगतात, आणि त्या चाली ऐकताना ते पटतं.

फोक फेस्टिव्हल १९८१ पासून, एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला. लांबून आलेले कलाकार दूरच्या छोट्या बेटांवरच्या हॉलमध्येही वाजवतात. पण शेटलंडचा खरा जीव लर्विक या मुख्य गावातल्या पबच्या कोपऱ्यात. टेबलाभोवती पाच-सहा जण, मंच नाही, माईक नाही, आणि कुणी आपल्याकडे बघत नाही. वाद्य घेऊन गेलात तर खुर्ची सरकवून जागा करतात. वाद्य नसेल तर तुम्ही कुणाच्या तरी गप्पा बाहेरून ऐकता आहात असं तासाभराने वाटायला लागतं. व्हायोलिन, मेंडोलिन, गिटार यातलं काही बरं वाजवत असाल तर तिकडेच जा. अ‍ॅबरडीनहून रात्रीची बोट बारा-चौदा तास घेते, समुद्र खवळलेला असू शकतो; महोत्सवाच्या दिवसांत केबिन आधीच धरून ठेवा.

तर कुणी कुठे जावं? गाण्यातले शब्द, गायकी, आवाजातला भाव यासाठी जीव टाकणाऱ्यांनी झांझिबार, आणि शक्यतो महोत्सव व रमजान दोन्ही टाळून. बरोबर चार-सहा तरुण मित्र असतील आणि रात्रभर उघड्यावर नाचायचं असेल तर अर्थातच महोत्सव गाठा. मुलं किंवा आईवडील बरोबर असतील तर केप ब्रेटन. तिथल्या हॉलमध्ये सात वर्षांच्या पोराला आणि सत्तरीच्या आईला सारखीच जागा आहे, आणि दुपारी जुडिक गावच्या संगीत केंद्रात बसून फिडल ऐकता येतं, म्हणजे जागरणाची सक्ती नाही. एकट्याने जाणाऱ्या बाईला मी तिन्ही सुचवेन. झांझिबारमध्ये खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला आणि रात्री गल्लीबोळांतून सोबतीने परता.

मला विचाराल तर पुढची रजा मंजूर झाली की आधी उन्हाळ्यातले शनिवार बघेन, वेस्ट माबूला फोन करून कुठला चालू आहे ते विचारेन, आणि मग त्याच्या अलीकडे-पलीकडे विमान शोधेन. या वेळी सपाट, घसरत्या तळव्याचे बूट घेऊन जाणार आहे. मागच्या वेळी रबरी तळवे जमिनीला धरून बसले आणि त्या बाईंना मला अक्षरशः ओढावं लागलं.