आठ तुकड्यांचा मेंदू: शाळेसाठी घेतलेल्या प्रतिकृतीविषयी

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मानवी मेंदूची आठ तुकड्यांत सुटी होणारी प्लॅस्टिकची प्रतिकृती सांगलीतील शास्त्रीय उपकरणांच्या एका दुकानातून घेतली. किंमत साडेतीन हजारांच्या आसपास पडली. खरा मेंदू वैद्यकीय महाविद्यालयात फॉर्मॅलिनच्या बरणीत असतो आणि मिरज कितीही जवळ असली, तरी नववीचा अख्खा वर्ग तिथे नेणे सोपे नाही. त्यामुळे अशा प्रतिकृतीला शाळेत पर्याय नाही. मात्र ती बंद स्थितीत कपाटात शोभेला ठेवायची असेल, तर हे पैसे वाया गेले असे समजावे. तिची खरी किंमत आतल्या कापलेल्या बाजूत आहे.

बाहेरून प्रमस्तिष्काचे, म्हणजे मेंदूच्या वरच्या मोठ्या भागाचे, चारही खंड वेगवेगळ्या रंगांत दाखवले आहेत आणि वळ्या बऱ्यापैकी खोल आहेत. मधल्या मोठ्या खाचेवरून बोट फिरवता येते. तिच्या पुढची पट्टी हालचालींची आणि मागची स्पर्शाची, हे मुलांना लगेच कळते. टेम्पोरल (कानाजवळचा, ऐकण्याचा) आणि ऑक्सिपिटल (मागचा, पाहण्याचा) हे दोन खंड एकाच तुकड्यात जोडलेले असल्याने ऐकणे आणि पाहणे एकाच ठिकाणी होते, असा काहींचा समज होतो, तो मात्र दरवेळी दूर करावा लागतो.

दोन्ही अर्धे वेगळे केले की खरा धडा सुरू होतो. दोन गोलार्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोझमचा पांढरा पट्टा, त्याखाली थॅलॅमस, आणखी खाली तहान, भूक व शरीराचे तापमान सांभाळणारा हायपोथॅलॅमस, हे सारे एका नजरेत येते. वास सोडला तर सर्व संवेदना थॅलॅमसमधूनच वर जातात, हे तो मधोमध बसलेला पाहिल्यावर वेगळे पटवावे लागत नाही. श्वसन आणि हृदयाचे ठोके नियंत्रित करणारे मस्तिष्कपुच्छ, म्हणजे मेंदूचे मज्जारज्जूला जोडलेले खालचे टोक, तेही इथेच हातात घेता येते. हालचालींचे बहुतेक तंतू त्याच्या खालच्या टोकाशी बाजू बदलतात. म्हणूनच मेंदूच्या डाव्या गोलार्धात रक्तस्राव झाला, तर उजव्या अंगावरून वारे जाते. ज्यांच्या घरात असा आजारी माणूस आहे, ती मुले हा तुकडा लवकर खाली ठेवत नाहीत.

सर्वांत उत्तम काम अनुमस्तिष्कावर, म्हणजे मागे खालच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूवर, झाले आहे. फ्लॉवरचा गड्डा उभा चिरावा, तशी पांढऱ्या द्रव्याची फांद्याफांद्यांची रचना त्याच्या छेदावर स्पष्ट उठून दिसते. मेंदूच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा असलेल्या या भागात एकूण सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळपास ६९ अब्ज असतात. सोबतच्या तक्त्यावर त्याच्यापुढे ‘तोल सांभाळणे’ एवढेच छापले आहे. हालचालींतील अचूकपणा आणि सरावाने हात बसणे, ही त्याची मोठी कामे त्यात आलीच नाहीत.

किंबहुना हा तक्ता हीच या खरेदीतील सर्वांत कच्ची बाजू आहे. डावा मेंदू गणिताचा आणि उजवा कलेचा, अशी सरळ वाटणी त्यावर छापलेली आहे. बहुतेक माणसांत भाषेची मुख्य केंद्रे डावीकडे असतात हे खरे, पण गणित करताना काय किंवा चित्र काढताना काय, दोन्ही गोलार्ध कामाला लागतात. आम्ही तो तक्ता वापरत नाही. १८६१ मध्ये फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी ‘टॅन’ याखेरीज जवळजवळ काहीच बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत, डाव्या फ्रंटल (पुढच्या) खंडाच्या खालच्या भागात, इजा दाखवून दिली होती. ती जागा प्रतिकृतीवर खडूने गोल करून दाखवता येते आणि नंतर ओल्या फडक्याने पुसता येते.

नव्या आठवणी तयार करण्यात महत्त्वाचा असलेला आतला भाग, हिप्पोकॅम्पस, दाखवलेलाच नाही, ही उणीव मात्र खडूने भरून निघत नाही. १९५३ मध्ये अमेरिकेत अपस्मारावरील शस्त्रक्रियेत हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला, आणि त्यानंतर घडलेल्या गोष्टी त्यांच्या लक्षात राहीनाशा झाल्या. स्मरणशक्ती शिकवताना याहून बोलके उदाहरण नाही, पण ते सांगताना मुलांना फळ्यावरच्या आकृतीवर भागवावे लागते.

तुकडे जोडणाऱ्या खुंट्यांपैकी मस्तिष्कपुच्छाची खुंटी सैल निघाली. दुकानदारांनी तो तुकडा विनातक्रार बदलून दिला. त्यांच्याकडे याहून स्वस्त, तीन तुकड्यांची प्रतिकृतीही आहे, परंतु तिच्यात अनुमस्तिष्क अखंडच ठेवले आहे, म्हणून शाळांनी ती घेऊ नये.