वय ७१, फोनवरचं मराठी लेखन: दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या मे महिन्यात भाची आमच्याकडे, वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला आली होती. तिने माझ्या फोनवर मराठी कीबोर्ड चालू करून दिला आणि एक ब्लॉगही उघडून दिला. आता शिमगा आला. या दहा महिन्यांत मी ४० लेख लिहिले. माझ्या वयाच्या बऱ्याच जणी विचारतात, हे आपल्याला जमेल का, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

मी ३४ वर्षं कचेरीत मराठी टंकलेखनाचं काम केलं. पुढे हाताला कंप सुटला आणि पेन धरवेना. वाण्याची यादीसुद्धा शेजारचा मुलगा लिहून द्यायचा. त्यामुळे माइकच्या चित्रावर बोट ठेवून बोलले आणि माझं वाक्य समोर उमटलं, तेव्हा माझे डोळे भरून आले. यासाठी मी या सोयीला कितीही नावाजीन.

पुस्तकी मराठी बोललं तर चुका फार कमी होतात. पूर्णविराम, स्वल्पविराम मात्र मागाहून हाताने द्यावे लागतात. खरी अडचण आपल्या बोलीची. पेडवे म्हणजे बारीक मासे; ‘आईने पेडवे तळले’ असं सांगितलं तर ‘आईने पेढे तळले’ उमटतं. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, रावण होतो; खळ्याचं, म्हणजे घरापुढच्या अंगणाचं, ‘खरं’ होतं. मालवणीतला संवाद सांगायला गेलं तर ‘माका’, ‘खंय’ यातलं काहीच धड येत नाही. असे शब्द कीबोर्डच्या शब्दकोशात घालून ठेवले की बोटाने लिहिताना ते आपणहून सुचवले जातात, बोलून लिहिताना मात्र त्याचा उपयोग होत नाही. म्हणून मी आता लेख बोलून घेते आणि बोलीतले शब्द मोकळे सोडून नंतर एकेक भरते. वेळ लागतो, पण रापण ही रापणच राहिली पाहिजे. हे शब्द आम्ही लिहिले नाहीत तर पुढच्यांना ते कुठे सापडणार?

आणखी एक, पावसाचं. जुलैत पडवीच्या पत्र्यावर सर कोसळत असली की फोनला माझा आवाज पोचतच नाही. त्यात वीज गेली की मागोमाग रेंज जाते आणि रेंज गेली की माझ्या फोनवर बोलून लिहिणं बंद. पावसाळ्यात पहाटे पाऊस उसंत घेई तेवढ्यात मी लिहून घ्यायचे.

बोटाने लिहिण्याचं सांगते. टंकयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. ‘किनारा’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. फोनवर युनिकोड असतं, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर अक्षरं साठवायची एकच पद्धत; त्यात क आधी आणि वेलांटी मागून. इतक्या वर्षांची सवय मोडायला मला दोन महिने लागले. ज्यांनी कधी टंकलेखन केलं नाही त्यांना हे उलट सोपं जाईल. सगळ्यात जास्त मी अडले ती दर्यापाशी. नारळी पौर्णिमेच्या लेखात ‘दर्याला नारळ’ सांगितलं आणि ‘दऱ्याला नारळ’ उमटलं. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. युनिकोडमध्ये यासाठी ऱ हे वेगळं अक्षर आहे. माझ्या कीबोर्डवर र दाबून धरला की ते वर दिसतं, त्याला हलन्त (पाय मोडायची खूण) देऊन य लिहिला की ‘ऱ्य’ होतं. साधा र, हलन्त आणि य दिला की ‘र्य’. हे एकदा हाताला कळलं की चूक होत नाही.

युनिकोडचा मोठा फायदा म्हणजे लिहिलेलं दुसऱ्याच्या फोनवर जसंच्या तसं दिसतं. कचेरीत जुन्या फॉण्टमधलं पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलं की भलतीच अक्षरं दिसायची.

एक काळजी घ्या. लिहायला लागलं की अनोळखी माणसांचे निरोपही येतात. बँकेचं नाव सांगून ओटीपी मागणाऱ्याला काहीही सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाचं सालही तेच, त्यामुळे आमच्याकडे तो कोणी विसरत नाही.

आता ज्यासाठी मी हे सोडणार नाही ते सांगते. ऑक्टोबरमध्ये मी आगबोटीवर लिहिलं. माझे वडील मुंबईहून बोटीने वेंगुर्ल्याला यायचे, आणि बोट लांब उभी राहायची म्हणून माणसांना होडीने किनाऱ्यावर आणायचे, एवढंच मला आठवत होतं. दुसऱ्या दिवशी लालबागहून ८४ वर्षांच्या एका गृहस्थांनी खाली लिहिलं, “होडी नाय गो बाय, पडाव लिही.” पडाव म्हणजे बोटीवरची माणसं उतरवायची मोठी होडी. त्यांचे वडील पडावावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. बोटीवरून माणूस कसा उतरवायचे तेही त्यांनी सांगितलं. पडाव लाटेवर चढून बोटीच्या दाराशी आला की तेवढ्या क्षणात खालच्या दोघांनी माणसाला धरून आत घ्यायचं. पडाव खाली गेला की हात आखडते घ्यायचे आणि पुढच्या लाटेची वाट बघायची. लेकुरवाळ्या बायकांचं मूल आधी घ्यायचे, मग आईला. त्याखाली मालवणच्या एका बाईंनी वळकट्या भिजायच्या ते लिहिलं, आणि मग पंधरा दिवस कोणी ना कोणी लिहीतच होतं. सगळे सत्तरीपुढचे.

मी लेखातली होडी काढली आणि पडाव घातला. लालबागचे ते काका आता दर आठवड्याला लिहितात. त्यांचे डोळे अधू झालेत, म्हणून नातू त्यांना माझे लेख वाचून दाखवतो. परवा त्यांनी विचारलंय की वेंगुर्ल्याच्या बंदरात रात्री बोट आली की पडावावर कंदील कुठे टांगायचे ते माझ्याकडे कोणाला आठवतं का. उद्या सकाळी बंदरावर जाऊन म्हाताऱ्या खलाशांना विचारते.