बी-वन परीक्षेच्या तोंडी भागाची तयारी : एक ॲप, एक रेकॉर्डर आणि सहा महिने

केंब्रिजच्या 'बी-वन प्रिलिमिनरी' या इंग्रजी भाषेच्या मधल्या पातळीच्या परीक्षेतील तोंडी भागासाठी मी सहा महिने दोन साधने वापरली : उच्चारांना गुण देणारे एक ॲप आणि फोनमध्ये आधीपासूनच असलेला साधा रेकॉर्डर. ॲपची वर्षभराची वर्गणी भरली होती, रेकॉर्डर फुकटचा होता. उपयोग मात्र बरोबर उलटा झाला.

ॲपमध्ये पडद्यावर वाक्य येते, ते आपण वाचायचे आणि चुकलेला शब्द लाल होतो. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' ही दोन्ही अक्षरे आपण एकाच 'व'वर भागवतो, हे मला तिथेच उमगले आणि त्याबद्दल मी ॲपचा ऋणी आहे. तिसऱ्या महिन्यापर्यंत माझे गुण नव्वदीपलीकडे गेले आणि मी निर्धास्त झालो, तेच चुकले. या परीक्षेत काहीही वाचून दाखवायचे नसते आणि व्याकरण व शब्दसंग्रह, बोलण्यातील सलगपणा, उच्चार आणि परस्परसंवाद या ४ निकषांपैकी उच्चार हा केवळ एक आहे.

तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या भागात एक रंगीत छायाचित्र देतात आणि त्याविषयी सुमारे १ मिनिट एकट्याने बोलायचे असते. माझे पहिले ध्वनिमुद्रण २४ सेकंदांत आटोपले होते आणि तेवढ्यात 'आय थिंक' ७ वेळा आले होते. स्वतःचा आवाज ऐकणे ही शिक्षाच असते, हे खरे. पण त्यामुळेच चूक नेमकी कुठे आहे ते कळले. चित्रातील बाईच्या हातात चाळणी होती, तिला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना, म्हणून मी गप्प झालो आणि ती शांतता रेकॉर्डरने इमानेइतबारे टिपली. पुढे मी 'पाणी निथळायला वापरतात ती वस्तू' अशा अर्थाचे वाक्य इंग्रजीत करून पुढे सरकण्याची सवय लावली. शब्द अडला तरी वळसा घालून सांगता येते. गप्प बसलेल्या माणसाला मात्र परीक्षक गुण तरी कशाचे देणार?

रेकॉर्डर उलट बोलत नाही, ही त्याची मोठी उणीव. परीक्षा सहसा जोडीने होते, दोघांची मिळून सुमारे १२ मिनिटे चालते आणि तिसऱ्या भागात चित्रांतील पर्यायांवर दोघांनी चर्चा करायची असते. त्यासाठी मी याच परीक्षेला बसणाऱ्या एका उमेदवाराबरोबर आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर सराव केला. पहिल्याच वेळी आम्ही ४० सेकंदांत एकमत करून मोकळे झालो आणि दोन-तीन मिनिटांच्या कामातील उरलेला वेळ एकमेकांकडे पाहत काढला. निर्णयाला गुण नसतात, तो घेताना एकमेकांना काय विचारले आणि समोरच्याचे म्हणणे कसे पुढे नेले याला असतात, हे ध्यानात आल्यावर आम्ही प्रत्येक पर्याय नाकारण्यापूर्वी त्यावर एक तरी प्रश्न विचारायचाच, असा नियम केला.

प्रत्यक्ष परीक्षेत दोन परीक्षक असतात. एक प्रश्न विचारतो, दुसरा संभाषणात भाग न घेता ऐकून गुण देतो. प्रश्न ठरावीक मजकुरातले असल्यामुळे 'छान' किंवा 'बरोबर' असे काही कानावर पडत नाही, आणि हिरव्या-लाल रंगांना सोकावलेल्या मला ते सुरुवातीला फार जड गेले. एक प्रश्न नीट ऐकू आला नाही, तो पुन्हा विचारण्याची विनंती मी निःसंकोच केली.

ॲपची वर्गणी मी पुढे चालू ठेवलेली नाही. ज्यांना केवळ उच्चार सुधारायचे आहेत, त्यांनी ती घ्यावी, पण महिन्याभराचीच.