‘निरोगी पेशींचे संरक्षण’ करणारी अँटिऑक्सिडंट कॅप्सूल : एक परीक्षण

आईची केमोथेरपी सुरू असताना एका स्नेह्यांनी आपुलकीने आणून दिलेल्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूलचे हे परीक्षण आहे. बाटलीच्या दर्शनी भागावर ‘निरोगी पेशींचे संरक्षण’ असे ठळक छापले आहे. कर्करोगाचे उपचार चालू असल्यास डॉक्टरांना विचारावे, ही सूचना मात्र मागच्या बाजूला, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा बारीक अक्षरांत आहे. केमो घेणाऱ्या रुग्णासाठी खरी महत्त्वाची ओळ तीच आहे.

दिवसाच्या दोन कॅप्सूलमधून क जीवनसत्त्व १,००० मिलिग्रॅम आणि ई जीवनसत्त्व ४०० आययू (जीवनसत्त्वे मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक) पोटात जाते, म्हणजे दोन्ही प्रौढ माणसाच्या रोजच्या गरजेच्या दहापटींहून अधिक. शिवाय तोंड आलेले असताना एवढी मोठी कॅप्सूल गिळणेच कठीण जाते.

डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन, ब्लिओमायसिन यांसारखी केमोची औषधे शरीरात फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, वाढवतात आणि त्यांमुळे हृदय, मूत्रपिंडे किंवा फुप्फुसांना इजा होऊ शकते, हे खरे आहे. अँटिऑक्सिडंट या रेणूंना निष्प्रभ करतात. परंतु रक्तातून फिरणारे जीवनसत्त्व निरोगी पेशी कोणती आणि कर्करोगाची कोणती हे ओळखत नाही. ज्या माऱ्यापासून ते आपल्या पेशींना वाचवील, त्याच माऱ्यापासून गाठीलाही वाचवू शकते. कॅनडातील क्वेबेकमध्ये डोके व मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेमकी हीच शंका बळावली : ती चाचणी केमोची नव्हे, किरणोपचारांची होती, पण पूरक जीवनसत्त्वे घेणाऱ्यांचा त्रास काहीसा कमी झाला आणि आजार उलटण्याकडे कल मात्र अधिक दिसला. स्तनाच्या कर्करोगाच्या १,१३४ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासातही केमोपूर्वी व केमोदरम्यान अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत असाच कल आढळला. तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही; तरीही आईच्या बाबतीत एवढी शंकासुद्धा मला पुरेशी वाटते.

बरे, त्रास तरी हमखास कमी होतो का? केमोमुळे हातापायांना येणाऱ्या मुंग्या आणि बधिरता यांवर ई जीवनसत्त्वाचा उपयोग होतो का, हे २०७ रुग्णांवर तपासले गेले तेव्हा फायदा दिसला नाही. उलट या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, आणि केमोत प्लेटलेट आधीच उतरलेल्या असतात. बोर्टेझोमिब हे कर्करोगावरील औषध घेणाऱ्यांना तर क जीवनसत्त्वाच्या गोळ्या टाळायला सांगतात, कारण ते त्या औषधाचा परिणाम कमी करू शकते.

म्हणून उपचार चालू असेपर्यंत ही कॅप्सूल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणी आणून दिलीच, तर केमोच्या पुढच्या सायकलपूर्वी (फेरीपूर्वी) बाटली कॅन्सरतज्ज्ञांना दाखवावी. मात्र त्यांनी स्वतः लिहून दिलेली जीवनसत्त्वे हे वाचून परस्पर बंद करू नयेत. उदाहरणार्थ, पेमेट्रेक्सेड हे केमोचे औषध देताना फॉलिक अॅसिड आणि बी-१२ मुद्दाम दिले जाते. ते चुकले तर पांढऱ्या पेशी घटण्याचा आणि तोंड येण्याचा त्रास वाढतो.