जेकिल-हाइडचा जुना गेम : मूळ कन्सोलवर की एम्युलेटरवर?

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या एकाच माणसात दडलेल्या सज्जन जेकिल आणि दुष्ट हाइडविषयीच्या १८८६ सालच्या लघुकादंबरीवर बेतलेला ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’ हा गेम जपानमध्ये १९८८ साली निन्टेंडोच्या फॅमिकॉम या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर) आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत त्याच्याच एनईएस या तिथल्या रूपावर आला. गेम वाईट बनला आहे, याविषयी जुन्या गेमच्या जाणकारांत फारसे दुमत नाही. तरीही तो खेळायचाच असे ज्याने ठरवले आहे, त्याच्यापुढे कार्ट्रिज (मूळ कन्सोलमध्ये घालायची गेमची कॅसेट) की एम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम संगणकावर चालवणारा प्रोग्राम) एवढाच प्रश्न उरतो. मी दोन्ही प्रकारे खेळलो आहे.

सोयीच्या दृष्टीने एम्युलेटर उजवा आहे, हे आधीच मान्य करतो. कार्ट्रिजच्या पिना पुसत बसावे लागत नाही आणि मुळात प्रगती साठवण्याची सोय नसलेला हा गेम हवा तिथे थांबवून पुढे चालू ठेवता येतो. जेकिलची चाल विलक्षण संथ असल्यामुळे पहिल्या रस्त्यापासून पुन्हा सुरुवात करणे खरोखर जिवावर येते. शिवाय जुना कन्सोल सपाट टीव्हीला जोडला, तर बटण दाबणे आणि उडी लागणे यांत जाणवण्याइतके अंतर पडू शकते; म्हणजे कार्ट्रिजबरोबर पिक्चर ट्यूबचा टीव्हीही हवा.

माझ्यापुरता निकाल लागला तो मात्र रिवाइंडमुळे, म्हणजे खेळ काही क्षण मागे नेण्याच्या एम्युलेटरमधल्या सोयीमुळे. स्वतःच्या लग्नासाठी चर्चकडे निघालेल्या जेकिलला वाटेत कुत्री, मांजरे आणि गलोल मारणारी पोरे छळतात. एक माणूस तर त्याच्या पायाशी बॉम्ब ठेवून निघून जातो. प्रत्येक त्रासागणिक रागाची पट्टी चढते आणि हातातल्या काठीचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. (कथेत हाइड ज्या काठीने सर डॅनव्हर्स कॅर्यू यांचा खून करतो, ती आठवली की हे विशेष खटकते.) पट्टी भरली की जेकिलचा हाइड होतो, पडदा आपोआप उलट दिशेला सरकू लागतो, आणि राक्षस मारून राग उतरवण्याआधी हाइड, जेकिल जिथवर गेला होता त्या जागेशी पोहोचला, तर वीज कोसळून खेळ संपतो. एका माणसातले दोघे एकाच रस्त्यावर परस्परविरुद्ध दिशांनी चालतात, ही कल्पना उत्तम आहे आणि सगळ्या गेममध्ये मूळ कथेशी इमान राखणारी तेवढीच एक गोष्ट आहे.

रिवाइंड हाताशी असले की नेमकी तीच हरवते. बॉम्ब फुटला की अंगठा आपसूक त्या बटणावर जातो, स्फोट मिटतो, पट्टी खाली येते आणि आपण दोन पावले मागे सरकून उभे राहतो. असे करत गेल्यास हाइडचे दर्शनही न घेता बराच पल्ला गाठता येतो, पण मग हाती फक्त संथ चालणारा एक गृहस्थ उरतो. दुसऱ्या कोणाला कदाचित हे इतके टोचणार नाही. मला दर वेळी टोचले.

एम्युलेटरच सोयीचा असेल, तर रिवाइंडचे बटण सेटिंग्जमधून बंद करावे आणि सेव्ह केवळ टप्प्याच्या आरंभी करावे. त्याने फरक पुष्कळ कमी होतो. पण चालू स्थितीतला कन्सोल आणि जुना टीव्ही ज्याला मिळू शकतो, त्याने आधी कार्ट्रिज लावून पाहावे असे मला वाटते, कारण तिथे चुकलेली उडी परत घेता येत नाही आणि हाइडला सामोरे जावेच लागते.